२०३५ नंतर इंजिनाची नवी गाडी का नको

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. भोसरीत तुमच्या वडिलांचे व्हॉल्व्ह गाइड आणि व्हॉल्व्ह सीट बनवण्याचे वर्कशॉप आहे, तुमचा माल एका मोठ्या पुरवठादारामार्फत जर्मनीतील इंजिनांत जातो, आणि शिक्षण संपवून तुम्ही आता या धंद्यात उतरायचे की नाही हे ठरवत आहात. युरोपने २०३५ पासून पेट्रोल-डिझेलच्या नव्या मोटारी थांबवायचे ठरवले आणि मग तोच निर्णय सैल करायला घेतला; तेव्हा हवामानासाठी ही गाडी बंद करणे खरोखर आवश्यक आहे का, की हायब्रिड (इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेली गाडी) आणि कृत्रिम इंधन (विजेच्या मदतीने बनवलेले पेट्रोल) यांवर भागेल, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात इंजिन चाचणीच्या कामाला सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षे स्टुटगार्टजवळ कॅलिब्रेशनचे काम केले, म्हणजे कोणत्या क्षणी किती इंधन, किती हवा आणि ठिणगी नेमकी केव्हा, हे ठरवण्याचे. इंजिनाने मला घडवले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. तरीही माझे उत्तर असे आहे की प्रवासी मोटारीतून त्याने आता जायला हवे, आणि हवामानाचे काय किंवा कामगारांचे काय, खरे नुकसान २०३५ या तारखेपेक्षा त्या तारखेबाबतच्या धरसोडीमुळे होत आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण वादातली निम्मी गरमागरमी तो न वाचल्यामुळे आहे. युरोपीय संघाच्या नियमात इंजिनावर बंदी घालणारे कलम नाही. एखाद्या कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व नव्या मोटारींच्या सायलेन्सरमधून किलोमीटरमागे सरासरी किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडावा, एवढेच तो ठरवतो. २०२१ ची पातळी सुमारे ११० ग्रॅम होती. २०२५ पासून त्यात १५ टक्के घट म्हणजे ९३.६ ग्रॅम, २०३० पासून ५५ टक्के घट म्हणजे ४९.५ ग्रॅम आणि २०३५ पासून शून्य, अशी पायरी पायरीने उतरण आखलेली आहे. सरासरी मर्यादेबाहेर गेली तर प्रत्येक जादा ग्रॅमसाठी, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे, ९५ युरो दंड बसतो. शून्य ग्रॅम इंजिनाला जमत नाही म्हणून लोक त्याला बंदी म्हणतात. रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्या, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री आणि मोटारसायकली यांना हा नियम लागू नाही, आणि ट्रकसाठी वेगळा कायदा आहे.

हा प्रस्ताव १४ जुलै २०२१ रोजी आला आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी युरोपीय संसदेने तो ३४० विरुद्ध २७९ मतांनी मंजूर केला. सदस्यराष्ट्रांचे शेवटचे मतदान केवळ उपचार राहिले होते, आणि त्याच क्षणी जर्मनीचे वाहतूकमंत्री फोल्कर विसिंग यांनी केवळ कृत्रिम इंधनावर चालणाऱ्या मोटारींना वाट ठेवा, असा आग्रह धरून ते अडवले. २५ मार्चला तडजोड झाली आणि २८ मार्चला पोलंडच्या विरोधानंतरही, इटली, बल्गेरिया आणि रुमानिया तटस्थ असताना, मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये कंपन्यांना त्या वर्षाचे लक्ष्य तीन वर्षांच्या सरासरीने गाठण्याची मुभा दिली गेली. १६ डिसेंबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने पुढचे पाऊल टाकले: २०३५ पासून १०० ऐवजी ९० टक्के घट पुरे, उरलेल्या १० टक्क्यांची भरपाई कमी कार्बनच्या युरोपीय पोलादाने किंवा जैव आणि कृत्रिम इंधनाने करावी, असा तो प्रस्ताव होता. प्रस्ताव आणि कायदा यांत अंतर असते, संसद आणि सदस्यराष्ट्रे यांची संमती लागते; पण बाजाराला जो संदेश जायचा तो त्याच दिवशी गेला.

आता २०३५ हे वर्ष आले कुठून? ते कोणाच्या लहरीतून आलेले नाही. युरोपीय संघाने २०५० पर्यंत हवामानाच्या दृष्टीने निव्वळ शून्य उत्सर्जनाचे बंधन स्वीकारले आहे आणि मोटार साधारण पंधरा वर्षे चालते. २०५० मधून पंधरा वजा केले की उत्तर मिळते. संघात पंचवीस कोटींवर मोटारी आहेत, त्यांचे सरासरी वय बारा वर्षांच्या पुढे आहे आणि वर्षाला जेमतेम एक कोटीच्या वर नव्या विकल्या जातात. पंचवीस खोल्यांच्या वाड्यात दर वर्षी एकच खोली रंगवायला घेतल्यासारखे हे आहे. डिसेंबर २०३४ मध्ये विकलेली एक मध्यम पेट्रोल गाडी घ्या. वर्षाला साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा वर्षे, शंभर किलोमीटरला सात लिटर, असा हिशेब केला तर ती १३ हजार लिटर पेट्रोल जाळते आणि सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते, आणि त्यातला शेवटचा टन २०४९ मध्ये. विक्री थांबण्याचा दिवस हा उत्सर्जन थांबण्याचा दिवस नसतो. तिथून उतार सुरू होतो. म्हणून विक्रीची तारीख पाच वर्षे पुढे ढकलणे म्हणजे पाच वर्षांच्या सगळ्या गाड्यांची प्रत्येकी पंधरा वर्षांची धुराची हमी देणे होय.

जर्मनीचेच पाहा. १९९० पासून २०२४ पर्यंत त्या देशाचे एकूण हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे ४८ टक्क्यांनी उतरले. वाहतुकीचे मात्र १६ कोटी टनांच्या थोडे वर होते ते १४ कोटी टनांच्या थोडे वर आले, इतकेच. त्या सगळ्या काळात आम्ही अभियंते झोपलो नव्हतो. थेट इंधन फवारणी, टर्बोचार्जर, व्हॉल्व्हची बदलती वेळ, सिग्नलला थांबले की बंद पडणारे इंजिन, हे सगळे त्याच काळातले आहे. पण गाड्या जड झाल्या, उंच झाल्या, ताकदवान झाल्या, आणि प्रवास वाढला. आम्ही वाचवलेले थेंब वजनाने पिऊन टाकले.

याच्या मुळाशी एक साधे रसायन आहे, ते तुम्ही मनावर कोरून घ्या. काजळी, नायट्रोजन ऑक्साइड, न जळलेले इंधन हे ज्वलनातले दोष आहेत. ते सुधारता येतात, गाळता येतात, उत्प्रेरकाने मोडता येतात, आणि ते आम्ही केले. कार्बन डायऑक्साइड हा दोष नाही, पूर्ण आणि निर्दोष ज्वलन झाले की तोच तयार होतो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलो असते, त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला गेला की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि जगातले सर्वोत्तम कॅलिब्रेशन त्यातला एक ग्रॅमही नाहीसा करू शकत नाही. उरते ते कमी लिटर जाळणे, आणि तिथे उष्णतेचे नियम आडवे येतात. चाचणीच्या बेडवर पूर्ण भाराने इंजिन चालवताना खोलीतले दिवे मालवले की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळालेला वायू इंजिनातून बाहेर नेणारा नळ्यांचा भाग, लालबुंद झालेला दिसतो. नवशिक्यांना ते दृश्य फार सुंदर वाटते, मलाही वाटायचे. पुढे समजले की ग्राहकाने पंपावर मोजलेले पैसे तिथे तळपत असतात. चांगल्या पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता त्याच्या सर्वोत्तम बिंदूवर ४० टक्क्यांजवळ जाते, पण शहरातल्या थांबत-चालत प्रवासात ती २० ते २५ टक्क्यांवर येते. चार लिटरपैकी तीन लिटर हवा तापवण्यात जातात.

आमच्या आकड्यांवरचा विश्वास का उडाला, हेही सांगायला हवे. २०१७ पर्यंत युरोपात ज्या चक्रावर गाडी मोजली जाई ते ११८० सेकंदांचे आणि ११ किलोमीटरचे होते. त्यातला प्रत्येक चढ-उतार आम्हाला पाठ होता. गाडी रोलरवर चढवायची, चालकाने पडद्यावरच्या रेषेवर वेग धरायचा आणि नळीतून येणारा धूर पिशव्यांत गोळा करून मोजायचा. १२० किलोमीटरचा वेग त्यात केवळ दहा सेकंद होता. ज्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आधीच हातात आहे तिची तयारी जशी होते तशीच आमची होत असे, कायद्याच्या चौकटीत राहूनसुद्धा. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत परीक्षा ओळखणारे सॉफ्टवेअर घातल्याचे अमेरिकेत उघड झाले आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर कॉफीच्या यंत्राजवळ कोणी बोलत नव्हते. आमचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता, तरी घरी मुलीने विचारले, “आई, तुम्हीपण तसंच करता का?” त्यानंतर नवे, १८०० सेकंदांचे आणि २३ किलोमीटरचे अधिक खरे चक्र आले, रस्त्यावरची मोजणी आली. पण ‘उद्योगावर सोडा, तंत्रज्ञान आपोआप मार्ग काढील’ या युक्तिवादाचे वजन तेव्हापासून कमी झाले ते कमीच राहिले, आणि ते योग्यच झाले.

तुमच्या प्रश्नातला हायब्रिडचा भाग इथेच येतो. चार्जिंग करता येणारा प्लग-इन हायब्रिड कागदावर विलक्षण दिसतो, कारण नियम असे गृहीत धरतो की मालक तो नेमाने चार्ज करील. २०२१ पासून युरोपातल्या नव्या गाड्यांना प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते. त्या नोंदींवरून आयोगाने २०२४ मध्ये दाखवून दिले की साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रत्यक्षात प्रयोगशाळेपेक्षा सुमारे २० टक्के अधिक उत्सर्जन करतात, तर प्लग-इन हायब्रिड सरासरी साडेतीनपट करतात. कारण तांत्रिक नाही. जर्मनीत अशा गाड्यांचा मोठा भाग कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला असतो. खासगी वापरावरचा कर अर्धा लागतो आणि पेट्रोलचे कार्ड कंपनीचे असते, घरच्या विजेचे बिल मात्र स्वतःचे. भाडेमुदत संपून परत आलेल्या अशा एका गाडीची डिकी मी स्वतः उघडली आहे. चार्जिंगची केबल कारखान्यातून आली तशी प्लास्टिकच्या वेष्टनात होती, वरची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. गाडी तीन वर्षे चालली होती.

म्हणून ‘फक्त दहा टक्के’ या सवलतीकडे मी शांतपणे पाहू शकत नाही. ११० ग्रॅमचे दहा टक्के म्हणजे सरासरी ११ ग्रॅम. साधी पेट्रोल गाडी १२० ग्रॅमची धरली तर त्या अवकाशात अकरांत एक गाडी बसते. पण ३५ ग्रॅमचा शिक्का मिळालेले प्लग-इन हायब्रिड बसवले तर जवळजवळ तीनांत एक बसते. आता ते गृहीत धरण्याचे सूत्र २०२५ आणि २०२७ अशा दोन टप्प्यांत कडक होत आहे, त्यामुळे इतका उदार शिक्का यापुढे मिळणार नाही हे मान्य. तोच कडकपणा पुन्हा सैल करा, ही मागणी उद्योगाच्या यादीत सर्वांत वर का आहे, हे मात्र तुमच्या लक्षात आले असेल. पाणी नेमके तिथेच मुरते.

कृत्रिम इंधनाबद्दल माझे मत अधिक ठाम आहे, कारण त्याचे रसायन उत्तम आहे आणि त्याचा उपयोग चुकीच्या जागी सुचवला जात आहे. पवनचक्कीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, हवेतून किंवा अन्यत्र मिळवलेला कार्बन डायऑक्साइड त्याला जोडायचा आणि मिथेनॉलमार्गे पेट्रोल बनवायचे. जळताना जेवढा कार्बन सुटतो तेवढा बनवताना घेतलेला असतो, म्हणून हिशेब शून्याजवळ येतो. इथवर सगळे खरे आहे. पण शंभर युनिट वीज घेतली तर इंधन तयार होईपर्यंत जेमतेम निम्मी ऊर्जा उरते आणि इंजिन त्यातली पंचवीस ते तीस टक्के चाकांपर्यंत पोहोचवते, म्हणजे हाती १३ ते १५ युनिट येतात. तीच वीज बॅटरीत भरली तर ७० ते ७५ युनिट चाकांना मिळतात. एका पवनचक्कीवर एक गाडी की पाच गाड्या, असा हा प्रश्न आहे. चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता आरेनासजवळ, जिथे वारा जवळजवळ थांबतच नाही, पोर्शच्या सहभागाने उभारलेला हारू ओनी हा प्रायोगिक प्रकल्प डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची आखलेली वार्षिक क्षमता १ लाख ३० हजार लिटर आहे. वर गृहीत धरलेल्या आपल्या मध्यम गाडीला वर्षाला सुमारे ८७५ लिटर लागतात. म्हणजे तो सबंध प्रकल्प दीडशे गाड्या चालवील. हे इंधन स्वस्त झाले आणि मुबलक झाले तर फारच चांगले, पण लांब पल्ल्याच्या विमानांना आणि समुद्रातल्या जहाजांना त्याच्यावाचून दुसरा मार्ग जवळजवळ नाही. ज्याला पर्याय आहे त्याने ज्याला पर्याय नाही त्याच्या ताटातले ओढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘वीज तरी कुठे स्वच्छ आहे’ हा तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे. जर्मनीत २०२४ मध्ये विजेच्या एका युनिटमागे सुमारे ३६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडत होता. मध्यम विद्युत गाडीला चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला २० युनिट लागतात. कोळसा-गॅस काढण्याचा आणि तारांतील गळतीचा वाटा मिळवला तरी ते नऊ किलोंच्या आसपास येते. पेट्रोल गाडीचे सात लिटर म्हणजे १६ किलो, आणि तेल उपसणे, शुद्ध करणे, वाहून आणणे हे मिळवून सुमारे २० किलो. शंभर किलोमीटरला ११ किलोंची बचत झाली. याच्या विरुद्ध बॅटरी बनवतानाचे कर्ज आहे, साधारणपणे एका किलोवॅट-तासामागे (म्हणजे एका युनिटच्या क्षमतेमागे) ६० ते १०० किलो, म्हणजे ६० किलोवॅट-तासांच्या बॅटरीला साडेतीन ते सहा टन. ते ३३ ते ५५ हजार किलोमीटरमध्ये, अडीच ते साडेचार वर्षांत फिटते आणि उरलेली दहा वर्षे निव्वळ बचतीची राहतात. शिवाय ग्रीड, म्हणजे देशाचे वीजजाळे, दर वर्षी स्वच्छ होत जाते, तसतशी आधी विकलेली विद्युत गाडीसुद्धा स्वच्छ होत जाते. इंजिनाची गाडी जन्मते तेव्हा असते त्याहून चांगली कधीच होत नाही.

भारतात हेच गणित काठावर येते. आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम पडतात, तारांतील गळती मोठी आहे आणि आपल्या पेट्रोल गाड्या मुळातच लहान व काटकसरी आहेत. माझ्या हिशेबाने लहान विद्युत गाडी शंभर किलोमीटरला १३ किलोंजवळ आणि लहान पेट्रोल गाडी सतरा-साडेसतरा किलोंजवळ येते. आयसीसीटी या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला तेव्हा युरोपात विद्युत गाडीचा फायदा ६६ ते ६९ टक्के आला होता, तर भारतात १९ ते ३४ टक्के. म्हणून युरोपची तारीख जशीच्या तशी उचलून आपल्याकडे लावा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे आधी रिक्षा, मग स्कूटर-मोटारसायकल आणि बस, आणि त्याच वेळी ग्रीड, असाच क्रम नैसर्गिक आहे. तीनचाकींच्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाहने आज विजेवर आहेतच. तुमचा ग्राहक मात्र जर्मनीत आहे, म्हणून मी पुन्हा तिकडे वळते.

बंदीपेक्षा किंमत बरी, असे म्हणणारे लोक आहेत आणि ते मूर्ख नाहीत. कार्बनला किंमत लावा, लोक आपापला मार्ग शोधतील, असे ते म्हणतात. जर्मनीत २०२५ मध्ये ही किंमत टनाला ५५ युरो होती, म्हणजे लिटरमागे तेरा सेंट आणि वर कर. पावणेदोन युरोंच्या आसपासच्या लिटरमध्ये ते तेरा सेंट गाडी निवडताना कोणाच्याही डोळ्यांसमोर नसतात. परिणाम व्हावा इतकी किंमत वाढवली तर पहिला फटका बसतो तो बस नसलेल्या खेड्यातून रोज चाळीस किलोमीटर कामावर जाणाऱ्या, जुनी गाडी वापरणाऱ्या माणसाला. युरोपभर लागू होणारी ही किंमत २०२७ ऐवजी २०२८ वर गेली ती याच भीतीने. नॉर्वेने दुसरी वाट धरली. तिथे बंदीचा कायदा नाही. विद्युत गाडीला २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि जबर नोंदणी कर माफ, इंजिनाच्या गाडीला तो पूर्ण, असे धोरण त्या देशाने सरकारे बदलली तरी दोन दशकांहून अधिक काळ चालवले. २०२४ मध्ये तिथे नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के विद्युत होत्या आणि २०२५ मध्ये ९५ टक्क्यांच्या वर गेल्या. जलविद्युत आणि तेलाचा पैसा त्यांच्याकडे आहे, हे खरेच. पण मला त्यातली शिकण्यासारखी गोष्ट सातत्याची वाटते. उलट जर्मनीत १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनात्मक न्यायालयाने हवामान निधीतली ६० अब्ज युरोंची तरतूद रद्द केली आणि त्या निधीतून मिळणारे विद्युत गाडीचे अनुदान डिसेंबरमध्ये एका वीकएंडमध्ये बंद झाले. २०२४ मध्ये विद्युत गाड्यांची विक्री २७ टक्क्यांनी पडली आणि लगेच ‘बघा, लोकांनाच नको आहेत’ असे म्हटले जाऊ लागले.

लोकांच्या खऱ्या अडचणींवर मी पांघरूण घालणार नाही. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. ज्याला स्वतःचे गॅरेज आहे तो रात्री घरच्या दराने चार्ज करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला रस्त्यावरच्या जलद चार्जरवर त्याच्या दीडपट-दुप्पट दर पडतो आणि त्याची सगळी बचत तिथेच संपते. हवामानाचा नियम त्या माणसाला परवडत नसेल तर तो टिकणार नाही. दहा टक्क्यांच्या सवलतीवर जेवढी शक्ती खर्च झाली तेवढी या एका दरावर झाली असती तर मला अधिक बरे वाटले असते. तसेच, बिनवेगमर्यादेच्या महामार्गावर १२०-१३० ची मर्यादा उद्या सकाळी, जवळजवळ फुकटात लावता येईल आणि आज धावणाऱ्या प्रत्येक गाडीचे इंधन वाचेल. तिला विरोध करणारेच पुष्कळदा ‘तंत्रज्ञानाला मोकळीक द्या’ म्हणतात.

रोजगाराचे दुःख खोटे नाही. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक जागा कमी करायचे ठरवले. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३ हजार जागांची कपात जाहीर केली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे मिळून हजारांवर सुटे भाग असतात, विद्युत मोटारीच्या चालनयंत्रणेत ते शे-दोनशेंत आटोपतात. तेव्हा हात कमी लागणार, हे कोणी कितीही गोड बोलले तरी बदलत नाही. माझ्यासोबत वीस वर्षे इंजेक्टर बसवणारा माणूस पंचावन्नाव्या वर्षी बॅटरीचे सॉफ्टवेअर लिहू लागेल, असे सांगणे ही त्याची फसवणूक आहे. पण युरोपीय संघाचा ब्रसेल्समधला नियम सैल केल्याने त्याची नोकरी वाचते का? जर्मन कंपन्यांचा सर्वांत मोठा नफा ज्या चीनमधून येत होता तिथे आज नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास प्लग लावून चालणाऱ्या आहेत आणि त्या बहुतांशी चिनी कंपन्यांच्या आहेत. तो ग्राहक युरोपच्या कायद्यामुळे गेला नाही आणि कायदा बदलल्याने परत येणार नाही. फोक्सवॅगनच्या झाल्झगिटर इथल्या इंजिन कारखान्याच्या आवारात आज बॅटरी सेलचा कारखाना उभा आहे. त्याच कंपनीचा त्सविकाऊचा कारखाना पूर्णपणे विद्युत गाड्यांसाठी बदलून घेतलेला आहे. ज्यांनी नियमावर विश्वास ठेवून असे पैसे घातले, त्यांनाच प्रत्येक नव्या सवलतीचा फटका बसतो, आणि जे थांबून राहिले त्यांना बक्षीस मिळते. भिजत घोंगडे ठेवण्याची ही किंमत मला सर्वांत जास्त खुपते.

आता तुमच्या वर्कशॉपबद्दल. नियम शंभर टक्के राहिला की नव्वदवर आला, तरी युरोपच्या मोटारींसाठी व्हॉल्व्ह गाइडची मागणी २०३० नंतर वेगाने उतरणार, कारण ४९.५ ग्रॅमची पायरी कुणी अजून काढून टाकलेली नाही, आणि नव्या इंजिनांचे आराखडे आत्ताच थांबत चालले आहेत. तुमचे पुढचे तीन वर्षांचे शेड्यूल भरलेले दिसत असेल. ते जुन्या इंजिनांचे आहे. ग्राहकाच्या खरेदी विभागाला ऑर्डरबद्दल विचारू नका, तुमचा भाग ज्या इंजिनात बसतो त्या इंजिनाचे उत्पादन कोणत्या वर्षी संपणार आहे, हे विचारा. ती तारीख त्यांच्याकडे असते आणि विचारले तर बहुधा सांगतात. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर आणि जुन्या गाड्यांचे सुटे भाग यांत तुमचे काम मोटारींपेक्षा बराच काळ चालेल, तिकडचे ग्राहक आजच शोधायला हवेत. आणि तुमची खरी ताकद व्हॉल्व्ह गाइड ही नाही. काही मायक्रॉनच्या मापात, हजारो नग, एकसारखे घासून देण्याची सवय ही तुमची ताकद आहे. मोटरचे शाफ्ट, बेअरिंगची घरे, कूलंटच्या जोडण्या यांना तीच सवय लागते. नवी सीएनसी किंवा ग्राइंडिंग मशीन घेणार असाल तर केवळ गाइडच्या मापाची घेऊ नका. शाफ्टची लांबी बसेल एवढा बेड घ्या, थोडे अधिक कर्ज झाले तरी चालेल. सध्याच्या मशीनची मापे आणि गाठता येणारी अचूकता कळवलीत, तर यांतले कोणते जॉब आजच घेता येतील ते मी सांगू शकेन.